पुंजाजीचा चाळिसावा पाठ

पुंजाजी मूळचा किन्हीराजा गावचा. सातवी पास होऊन तो मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेला तेव्हा त्याच्या बापाने, जानरावाने, गावभर सांगून टाकले होते, "आमचा पुंजा मास्तर झाला." झाला नव्हता, व्हायचा होता. पण जानरावाला भूतकाळ, वर्तमानकाळ, भविष्यकाळ हे सारे एकाच बैलबंडीत घालून हाकायची सवय होती. पुढे पुढे तर वाटेत भेटणारा माणूस पुंजाजीला "रामराम मास्तर" म्हणू लागला. आता नापास होऊन परत जायचे म्हणजे नुसता नांगर धरायचा नव्हता. साऱ्या गावाला आपला रामराम परत घ्यायला लावायचा होता.

ट्रेनिंगच्या शेवटी प्रत्येक उमेदवाराला एखाद्या खऱ्या शाळेत, खऱ्या पोरांपुढे चाळीस पाठ द्यावे लागत. पुंजाजीच्या वाट्याला कारंजा गावातली एक मराठी शाळा आली. एकोणचाळीस पाठ वर्गमास्तर पाहत. चाळिसावा पाठ शाळा तपासणारे डिप्टीसाहेब पाहत आणि तिथे पास-नापास ठरे.

पहिल्या पाठाला पुंजाजी फळ्याकडे तोंड करूनच बोलला. दुसऱ्याला घाम आला. सातव्याला एका पोराने पाटीवर काढलेला बैल पाहून त्याला हसू फुटले. बाराव्यानंतर मात्र त्याला काहीच होईना. घामही येईना, हसूही येईना. सकाळी उठायचे, टाचण लिहायचे, प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, फळ्यावर सारांश, आणि पोरांनो बसा. संध्याकाळी खोलीवर येऊन भाकरी थापताना तो पिठाच्या गोळ्यालाच विचारी, "तर मुलांनो, ही वस्तू कशापासून झाली?" गोळा उत्तर देत नसे. वर्गापेक्षा तो बरा, असेही पुंजाजीला वाटत नसे. त्याला काहीच वाटत नसे.

पोरांची गत वेगळी नव्हती. दर वर्षी सहा-सात उमेदवार येत आणि तेच तेच पाठ देऊन जात. तिसरीच्या वर्गाला गाय अकरा वेळा शिकवून झाली होती. "गायीला पाय किती?" असे विचारले की पोरे गायीकडे नव्हे, छताकडे बघून "चार" म्हणत. एखादा उमेदवार घाबरून फळा पुसायचा विसरला, तर पुढच्या तरटावरचा दिलावर कनवाळूपणे सांगे, "गुरुजी, आता फळा पुसाचा राह्यते."

चाळिसाव्या पाठाची या शाळेत एक रीत पडली होती. आदल्या दिवशी तालीम घ्यायची. आठ प्रश्न, आठ पोरे. ज्याचे त्याने एकच उत्तर पाठ करायचे आणि गुरुजी नाव घेतील तेव्हा उठून तेवढेच सांगायचे. बाकीच्यांनी हात वर करून बसायचे, म्हणजे वर्ग हुशार दिसतो. तालीम झाली की सगळ्यांना फुटाणे. ही रीत कोणी घातली ते कोणालाच माहीत नव्हते, पण वर्गमास्तर रामकिसनगुरुजी ती सणासारखी पाळत आणि फुटाण्यांतला पहिला मूठभर वाटा स्वतः घेत.

"पुंजाजी, कापसाचा पाठ हाय तुमचा," ते फुटाणे चघळत म्हणाले. "सोपा हाय. कापसावर आजलोक कोनी नापास नाही झालं. घोड्यावर दोन जन झाले."

"बरं," पुंजाजी म्हणाला.

"भेव वाटून राह्यलं का?"

"नाही."

"वाटाले पाह्यजे थोडं. साहेबाले बरं दिसते."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. गोल टोपी, लांब कोट, आणि आठ दिवसांत सव्वीस पाठ पाहिल्याने डोळ्यांत साचलेली झोप. खुर्चीत बसले, शेऱ्याचा कागद मांडीवरच्या पुठ्ठ्यावर ठेवला, दौत शेजारी मांडली आणि म्हणाले, "चालू करा."

पुंजाजीने टेबलावर रुमालाखाली झाकलेली वस्तू ठेवली. वस्तू झाकूनच ठेवायची आणि मुलांकडून ओळखून घ्यायची, हा ट्रेनिंगचा नियम. रुमालाच्या कडेने कापूस चांगला वीतभर बाहेर आला होता आणि मागच्या खिडकीतून पेठेकडे निघालेल्या कापसाच्या बंड्या एकामागून एक दिसत होत्या. तरीही वर्गाने नेमाप्रमाणे दोनदा चुकीचे ओळखून तिसऱ्यांदा "कापूस" असे सांगितले. पुंजाजीने रुमाल उचलला. वर्गाने नेमाप्रमाणे आश्चर्य केले.

"कापसाचा रंग कोणता?"

पहिले पोर उठले. "पांढरा."

"कापूस कोणत्या जमिनीत येतो?"

दुसरे उठले. "काळ्या."

आता तिसरा प्रश्न होता, कापूस केव्हा पेरतात? तो कुठे गेला ते पुंजाजीला पुढे कधीच सांगता आले नाही. तोंड चालू होते, हात चालू होते, आणि मधल्या मधे प्रश्न गळून पडला. त्याने सरळ चौथा विचारला.

"शेतातला कापूस कोण वेचतं? खेमा, तू सांग."

खेमाची पाळी तिसरी. तो ताठ उभा राहिला. "मृगात!"

"कापसाच्या सुताचं काय विणतात? वहाब."

"बाया!"

मागे भिंतीला टेकलेल्या रामकिसनगुरुजींच्या तोंडातली सुपारी जागच्या जागी थांबली. पुंजाजी मात्र पुढे चालला. उत्तरे त्याच्या कानांवरून, पाण्यावरून वारा जावा तशी जात होती.

"सरकी कोण खातं? फुलसिंग."

"धोतर!" फुलसिंगने खणखणीत सांगितले.

साहेबांची झोप उडाली. त्यांनी टाक दौतीत बुडवला. रामकिसनगुरुजी डोळे मोठे करून, भुवया नाचवून, हाताने म्हशीची शिंगे करून पुंजाजीला खुणावू लागले. पुंजाजीने त्यांच्याकडे पाहिले, शिंगे पाहिली, आणि आपण नक्की काय विचारले होते हेच त्याला आठवेना. म्हणून टाचणात पाहून त्याने तोच प्रश्न पुन्हा वाचला, शांतपणे, एका सुरात.

"सरकी कोण खातं? चतुरा, तू सांग."

"म्हशी," सहाव्या पाळीची चतुरा म्हणाली.

गाडी रुळावर आली. कापूस बाजारात कशात नेतात? बंडीत. मोठा बाजार कुठे भरतो? कारंज्यात. फळ्यावर सारांश. पोरांनो बसा.

साहेब बराच वेळ लिहीत होते. मग त्यांनी शेरा मोठ्याने वाचला. "मुलांची उत्तरे भरकटली असताही उमेदवाराने न रागावता, छडीस हात न लावता, प्रश्न शांतपणे पुन्हा विचारून योग्य उत्तर काढून घेतले. हातोटी उत्तम." वाचून ते पुंजाजीकडे कौतुकाने पाहू लागले. "एवढा धीर कुठं शिकलात हो?"

रामकिसनगुरुजींनी सुटकेचा श्वास सोडला. आता "आपल्या आशीर्वादानं" एवढे दोन शब्द बोलायचे आणि किन्हीराजाला जायचे. पण भीती वाटायलाही आत काहीतरी जागे असावे लागते. पुंजाजीच्या आत तेव्हा कोणीच जागे नव्हते.

"धीर नाही, साहेब," तो म्हणाला. "माझा तिसरा प्रश्न विचारायचा राहून गेला. पोरांना एकेक उत्तर पाठ होतं. म्हणून घोळ झाला. मी उत्तरं ऐकतच नव्हतो."

रामकिसनगुरुजींना खोकल्याची मोठी उबळ आली.

साहेबांनी कागद खाली ठेवला. "कोणता प्रश्न?"

"कापूस केव्हा पेरतात."

साहेब वर्गाकडे वळले. "सांगा, कापूस केव्हा पेरतात?"

चाळीस हात वर गेले. तालीमच तशी होती. पण साहेब ज्याच्याकडे बोट करीत तो उठे आणि खेमाकडे बघे. शेवटी खेमाची पाळी आली. तो रागानेच उठला.

"म्या मघाच सांगतलं नं जी! तवा काहून नाही आयकलं तुमी?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी शेऱ्याचा कागद उचलून शाई वाळली का ते पाहिले. वाळली होती. खोडले तर वर खुलासा लिहून द्यावा लागतो, हे त्यांनाही ठाऊक होते आणि रामकिसनगुरुजींनाही.

"आमच्या वेळी गाय होती," साहेब हळूच म्हणाले. "माझा पाचवा प्रश्न राहून गेला होता. दूध कोण देतं, तर शेपूट. मी गप्प बसलो आणि पास झालो. तुम्ही बोललात. त्याला या कागदावर रकाना नाही." त्यांनी खाली सही ठोकली. "पास. हुकूम येईल. पोरं बरी आहेत. भूक लागलेली दिसते."

साहेब गेले. रामकिसनगुरुजी पुंजाजीला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "अरे, नशिबाच्या मानसा! पास झाला ना तू! हास ना जरा!"

"हो," पुंजाजी म्हणाला. आणि हसायचे कसे ते आठवत तो उभा राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे जानराव आला, गावातले रामराम आले, आणि नोकरीची पुढची तीस वर्षे आली. दर वर्षी कापूस, दर वर्षी गाय. सगळे नीट ओळीने आले आणि ओळीनेच गेले.

घंटेला अजून वेळ होता. वर्ग छताकडे पाहत बसला होता. पुंजाजी तरटापाशी गेला. टाचण टेबलावरच राहिले होते. का कोण जाणे, तो चतुराजवळ खाली बसला.

"चतुरा, तुमच्या घरी म्हैस हाय का?"

चतुरा गोंधळली. तिने दिलावरकडे पाहिले, खेमाकडे पाहिले, बोटांवर काहीतरी मोजले.

"हा कितवा प्रश्न हाय, गुरुजी?"

"याला नंबर नाही."

"असं व्हय," चतुरा म्हणाली. नंबर नाही म्हणजे उत्तर कोणाच्याच वाट्याचे नाही. ती निर्धास्त झाली आणि मांडी घालून पुन्हा छताकडे पाहू लागली. पुंजाजीही थोडा वेळ तिकडेच पाहत बसला.