नातीचा पेपर कोणी लिहायचा

आमची नात नववीत गेली, तेव्हा मी तिची जुनी प्रगतिपुस्तकं काढून बसलो. वाचता वाचता एक गंमत दिसली. सगळ्या विषयांत जवळजवळ सारखेच मार्क. मराठीत जेवढे तेवढेच गणितात, भूगोलात एखादा इकडे-तिकडे. इतकी सारखी उगवण तर आमच्या सोयाबीनचीही कधी झाली नाही. मी सुनेला विचारलं, "काहून वं, ही पोट्टी सगळ्यात एवढी बरोबर कशी?"

सून म्हणाली, "मामाजी, तिचा पेपरच होत नाई. सर अंदाजानं मार्क टाकून देतेत."

नातीला जन्मापासून दिसत नाही. उजेड आणि अंधार एवढं कळतं, बाकी सगळं कानावर. मोबाईलवर धडे ऐकते, आणि दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा आपल्यालाच ऐकवते. शेलूबाजारच्या जीपमध्ये बसलं की आवाजावरून सांगते, कोण चढला आणि कोणानं पैसे न देता उतरायचा बेत केला. पण परीक्षा आली की शाळेतले सर म्हणायचे, "तू कायले तरास घेतं बाई? बस आरामात, तुले पास करून देऊ." मग बाकीची पोरं पेपर लिहायची आणि ही व्हरांड्यात खिचडीवाल्या बाईजवळ बसून लसूण सोलायची. सर माणूस चांगले, मनात खोट नाही. पण आठ वर्षं झाली, पोरीच्या हाताचा लसणाचा वास परीक्षेच्या दिवशी जायचाच नाही.

त्या दिवशी आमचं बोलणं ती आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "आबा, मले नापास व्हायचं असन तं होऊ द्या. पन पेपर पायजे."

मी दुसऱ्याच दिवशी जीप धरून शेलूबाजारच्या शाळेत गेलो. हेडमास्तरांनी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "आबाजी, पुढच्या साली बोर्डाची परीक्षा आहे, तेव्हा बघू. आता कशाला पोरीच्या जिवाला घोर?"

मी म्हटलं, "सर, नवीन गोऱ्हा आधी घरच्या वावरात जुतते, का एकदम शंकरपटाच्या शर्यतीत पळवतेत?"

ते हसले, पण हो काही म्हणाले नाहीत. चहा पिऊन मी परत आलो. चहा चांगला होता, एवढाच काय तो फायदा.

पंचायत समितीकडून एक बाई स्कूटीवर गावोगावच्या शाळा फिरतात. ज्या पोरांना दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, त्यांना शिकवतात आणि त्यांच्या मास्तरांनाही शिकवतात. त्या आल्या तेव्हा मी त्यांना रस्त्यातच गाठलं. त्या माझ्यासोबत हेडमास्तरांकडे आल्या आणि उभ्या उभ्याच बोलल्या, "सर, ही शाळेची मेहरबानी नाही, कायद्यानं दिलेलं काम आहे. लिहायला माणूस द्यायचा, आणि तासामागे वीस मिनिटं जास्त द्यायची. ती बोलेल, तो लिहील. तिला व्हरांड्यात बसवून पास करणं म्हणजे शाळेत घेऊन बाहेर ठेवणं."

हेडमास्तर म्हणाले, "मी नाही कुठं म्हणतो? पण लिहिणारा आणू कुठून? तिच्यापेक्षा कमी शिकलेला पाहिजे ना?"

बाई म्हणाल्या, "हो, तिच्या खालच्या वर्गाचा."

मी उभा राहिलो. "मंग मी हाय ना."

दोघंही माझ्याकडे बघतच राहिले. मी सांगून टाकलं की गावातले पाण्याचे, रस्त्याचे, लाईटचे सगळे अर्ज माझ्या हातचे असतात, आणि माझं अक्षर पाहून तहसीलच्या साहेबानं एकदा विचारलं होतं, कोण्या मास्तरानं लिहिलं म्हणून. हेडमास्तर म्हणाले, "शिक्षणाचा दाखला लागेल आबाजी." मी म्हटलं, "आणतो."

म्हटलं खरं, पण त्यात एक अडचण होती. गावात मी सातवी पास होतो. जुन्या काळची सातवी म्हणजे आजच्या बी.ए.ला भारी, हे मीच पन्नास वेळा पारावर सांगितलेलं. लग्न जुळवताना माझ्या बापानंही तेच सांगितलं होतं.

गावातल्या मराठी शाळेत तरणे गुरुजी आहेत. त्यांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि मोठ्यानं वाचलं, "इयत्ता तिसरी. सतत गैरहजर. नाव कमी केले." खिडकीत दोन माणसं घरकुलाच्या कागदासाठी उभी होती. मी दाखला घेऊन पानटपरीपाशी पोचलो, तोवर बातमी माझ्याआधी पोचली होती.

"काय सातवी पास! कुठं निंगाले?"

"अरे चार वर्ग वरचे होते, ते कोनाले देले आबा?"

मी म्हटलं, "तुह्या बापाले देले. तरी तो नापास झाला." आणि पुढं निघालो. पण घरी आमची बुढी दारातच बसली होती. तिनं दाखला हातात घेतला. तिला वाचता येत नाही, तरी उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, "सातवी पास म्हनून माह्या बापानं देलं मले. नाई तं तो कारंज्याचा कंपाउंडर होता मांगं."

"मंग जा आता कंपाउंडरकडं."

"आता कायले जाऊ? आता तो बी बुढा झाला असन."

दोन दिवस ती कंपाउंडरचं नाव घेऊन भाकरी वाढत होती. मी कान बंद ठेवले. पोरीचा पेपर होणार होता, आणि तो माझ्या हातानं होणार होता.

आम्ही घरी सराव सुरू केला. ती खाटेवर, मी खाली पाटावर वही घेऊन. फिरत्या बाईंनी बजावलं होतं, "ती बोलेल तेवढंच लिहायचं. कमी नाही, जास्त नाही." मी म्हटलं, त्यात काय एवढं?

पहिलाच निबंध होता, मी पाहिलेली जत्रा. नात बोलायला लागली. जिलेबीच्या कढईजवळ आलं की तोंडावर गरम वाफ येते. मौतच्या विहिरीतली मोटारसायकल आधी पोटात वाजते आणि मग कानात. पाळणा वर गेला की लोकांचा आवाज पायाखाली राहतो. आईनं हात सोडला की गर्दीत आईच्या बांगड्या ऐकायच्या.

मी लिहीत होतो, आणि मनात म्हणत होतो, पेपर तपासणाऱ्याला हे काय कळणार? जत्रेच्या निबंधात फुगे पाहिजेत. म्हणून मी मधे टाकलं, 'रंगीबेरंगी फुगे पाहून मन हरखून गेले.' मग लाल पाळणा टाकला. मग निळं आकाश. लिहिता लिहिता मला बरं वाटत गेलं, अन् शेवटी सूर्यास्तही करून टाकला.

संध्याकाळी सून शेतातून आली. नात म्हणाली, "आई, आबानं लिहिलेलं वाचून दाखव." सून वाचायला लागली. फुग्यांवर आली आणि नातीनं हात वर केला.

"थांब. फुगे मी कवा म्हनलं?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अवं, थोडं सजवलं. मार्क भेटतेत त्यानं."

"पुढं वाच."

लाल पाळणा आला, निळं आकाश आलं. सूर्यास्त वाचताना सून स्वतःच हळू झाली. नात ऐकत होती. मग म्हणाली, "आबा, सर मार्क टाकत होते, तुमी डोळे टाकून राह्यले. माहं कुठं हाय याच्यात?"

मी चिडलो. म्हटलं, या वयात तुझ्यापायी गावात हसं करून घेतलं, तिसरीचा दाखला आणला, अन् तू मलेच बोलून राह्यली? ती खाटेवरून उठली, माझ्या हातातली वही चाचपून घेतली, ते पान फाडलं आणि वही परत दिली. म्हणाली, "तुमाले जमत नाई आबा. तुमी गप राहू शकत नाई."

बुढी चुलीपासून म्हणाली, "हे मी लग्न झालं तवाच सांगतलं असतं."

दोन दिवस मी वहीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळची जीप धरून शाळेत गेलो आणि हेडमास्तरांना म्हटलं, "माहं रद्द करा. आठवीची पोरगी द्या."

ते म्हणाले, "आईबाप तयार होत नाहीत हो. त्यांचा अभ्यास बुडतो म्हणतात."

"शोधनं शाळेचं काम हाय. मी बसतो इथं."

आणि बसलो. ऑफिसच्या दाराशी, शिपायाच्या स्टुलावर. शिपाई उभा. दुसऱ्या दिवशीही मी स्टुलावर, तो उभा. तिसऱ्या दिवशी शिपाईच हेडमास्तरांना म्हणाला, "सर, कोनतीबी पोट्टी द्या, पन माहं स्टूल सोडवा." दुपारी हेडमास्तर स्वतः मोटारसायकल काढून दोन घरी जाऊन आले. आठवीतली एक मुलगी मिळाली. बारीक, चष्मेवाली, अजिबात न बोलणारी. नातीनं तिला आधी एक परिच्छेद सांगितला, मग तिच्याकडूनच वाचून घेतला. म्हणाली, "चालते."

वार्षिक परीक्षेला दोघींना वेगळी खोली दिली. बाकीच्यांची घंटा झाली, पोरं आरडत बाहेर आली, आणि त्या खोलीतून नातीचा आवाज येतच राहिला. एक तास जास्तीचा होता. मी समोरच्या लिंबाखाली होतो. काय सांगते ते ऐकू येत नव्हतं, आणि मी जवळही गेलो नाही. बाहेर आल्यावर पुसलं, "कसा गेला?" ती म्हणाली, "घसा बसला."

निकालाच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. हेडमास्तरांनी प्रगतिपुस्तक समोर ठेवलं. या खेपेला एकही आकडा दुसऱ्यासारखा नव्हता. मराठीत वर्गात तिसरी. इतिहासात चांगले. इंग्रजी कशीबशी निघाली. आणि गणितात नापास.

हेडमास्तर हळू आवाजात म्हणाले, "आबाजी, गणिताचं मनावर घेऊ नका. तेवढं आम्ही बसवून घेतो. पोरगी हुशार आहे."

माझ्या तोंडात हो आलं होतं. खरंच आलं होतं. मी पाण्याचा गिलास उचलला आणि प्यायला लागलो.

नात म्हणाली, "सर, नापासांची परीक्षा पुन्हा होते ना?"

"होते. जूनमध्ये."

"मंग मले बी द्या. आन गणिताच्या सरांले सांगा, फळ्यावर लिवताना तोंडानं बोलत जा. ते नुसतं 'हे इकडं नेलं, ते तिकडं नेलं' म्हनतेत. मले काय समजनार?"

हेडमास्तरांनी टेबलावरचा कागद पुढं ओढला आणि विचारलं, "अजून काय काय?"

ती खुर्चीत नीट सरकून बसली आणि एकेक सांगायला लागली. पहिली जीप निघून गेली, दुसरीही गेली, आणि आम्ही तिथंच होतो.