आप्पा आमच्या घरी राहायला आले

नांदेडच्या व्यसनमुक्ती केंद्रातून सुटी मिळाली, तेव्हा मला सगळ्यांत जास्त भीती गावी, जळकोटला परत जायची वाटत होती. पिण्याची सगळी संगत तिथंच होती. मग केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी लातूरचं एक घर सुचवलं. दारू सोडलेले चार जण तिथं भाड्यानं एकत्र राहत होते, मी पाचवा झालो. दिवसा कामावर जायचं, आठच्या आत परतायचं, स्वयंपाक आणि भांडी पाळीनं करायची. जेवणं झाली की सगळ्यांनी गोल बसून आपापला दिवस खराखरा सांगायचा. आमच्यात थोरले होते एक निवृत्त मास्तर. त्यांची दारू सुटून सहा वर्षं झाली होती.

त्या उन्हाळ्यात लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं. अशातच आप्पांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन लातूरला ठरलं होतं आणि ते चार दिवस माझ्याकडे उतरणार होते.

आप्पा आले. पिशवी ठेवली, खाटेवर बसले आणि चंची सोडून तंबाखू मळायला लागले. मास्तर समोर येऊन उभे राहिले.

"आप्पा, या घरात तंबाखूसुद्धा चालत नाही. चंची माझ्याकडे द्या. जाताना परत देतो."

"मी काय दारुडा हाय का?" आप्पा म्हणाले.

"नाही. पण आम्ही आहोत," मास्तर शांतपणे म्हणाले.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होतो. चाळीस वर्षं कमरेला असलेली चंची त्यांनी मास्तरांच्या हातावर ठेवली. वर मास्तरांनी त्यांना भांड्यांच्या पाळीतही घेतलं. पाणी वाचवायला ताटं राखेनं घासायची आणि एकाच तपेल्यात विसळायची, असं तेव्हा चालायचं. आप्पांनी घरी कधी पेला उचलून ठेवला नव्हता. पण त्या संध्याकाळी त्यांनी सहा ताटं इतकी लख्ख घासली, की आमच्यातला ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "काका, तुम्ही इथंच राहा, मी जातो जळकोटला."

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी मात्र आप्पा काळा चष्मा लावून सारखे चिडत होते. चहा गोड झाला, पंखा आवाज करतो, शेजारचा रेडिओ मोठा लावतो. हात एकसारखा कमरेशी जात होता. मी ओळखलं.

"तलफ आलीय?"

"न्हाई," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "लई आलीय."

"अर्धा तास बोलत बसा. कशावरही बोला. ती ओसरते."

आप्पा बोलायला लागले. उस्मानाबादेतून फुटून लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा त्यांनी आपल्या दुकानात पेढे वाटले होते. आता उदगीर जिल्हा होणार अशी बोलवा होती. मग आपलं जळकोट उदगिरात जाणार, कचेरीची कामं जवळ होणार, आणि कोणत्या गावाला काय मिळायला पाहिजे, असा अख्खा जिल्हा त्यांनी खाटेवर बसून मांडला. पाऊण तास झाला. मध्येच ते थांबले.

"तुला असंच व्हायचं का रे?"

"याच्याहून वाईट."

"मला वाटायचं, तू मुद्दाम करतोस," आप्पा एवढंच म्हणाले. मी उठून त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा टाकला, आणि फार दिवसांनी मला मनापासून हलकं वाटलं.

निघायच्या दिवशी मी त्यांना स्टँडवर घेऊन गेलो. तिथं गावचा एक ओळखीचा व्यापारी भेटला. माझ्याकडे बघत त्यानं विचारलं, "काय, पोरगं इथं नोकरीला हाय म्हनं?" गावात घरच्यांनी तसंच सांगितलं होतं.

"नोकरी बी करतोय," आप्पा म्हणाले. "पन इथं राहिलाय दारू सोडायला. पाच महिने झाले, थेंब न्हाई. पाच जणं मिळून राहतेत. तंबाखू बी खाऊ देत न्हाईत."

मी दुसरीकडे बघायला लागलो. माझे कान गरम झाले होते, पण लाज वाटत नव्हती.

व्यापाऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं, आप्पांच्या जवळ सरकला आणि आवाज खाली करून म्हणाला, "आमच्या जावयाला घेतील का तिथं?"

आप्पांनी चष्मा सावरला आणि हात लांब करून त्याला घराचा रस्ता सांगायला लागले. दोन वळणं चुकीची सांगितली, ती मी दुरुस्त केली.