पुरिंगने सही केली नाही

पुरिंग दुमलाव फिलिपिन्समधल्या इलोकोसला, माहेरी गेली ती दीड महिन्यासाठी. आईचं काही खरं नाही, असा भावाचा फोन आला. तिने कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनच्या वृद्धाश्रमातल्या स्वयंपाकाच्या नोकरीवर बिनपगारी रजा टाकली, घराची किल्ली मुलाच्या, रोदेलच्या, हातात ठेवली आणि विमान पकडलं.

पण आई मरायचं नाव घेईना. पाद्री येऊन कपाळाला शेवटचं तेल लावून जायचा, आणि दुसऱ्या दिवशी म्हातारी उठून बसायची, भात मागायची. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा पुरिंगने परतीचं तिकीट पुढे ढकललं. गावातल्या बायका म्हणायच्या, "तुझी आई मरणालाच दारात ताटकळत ठेवते गं!" शेवटी अकराव्या महिन्यात ती गेली. नऊ दिवसांची प्रार्थना आटोपली आणि पुरिंग निघाली. बाहेर वर्ष उलटू द्यायचं नाही, नाहीतर कार्ड हातचं जातं, एवढं स्टॉक्टनमधल्या प्रत्येक ग्रीन कार्डवाल्याला ठाऊक असतं.

कॅलिफोर्नियात उतरल्यावर पासपोर्ट तपासणाऱ्या खिडकीतल्या माणसाने तिचं कार्ड पाहिलं आणि तिला आतल्या खोलीत पाठवलं. तिथला अधिकारी आडनावाने निघाला आगपालो, म्हणजे तिच्याच इलोकोसकडचा, इलोकानो. पुरिंगला हायसं वाटलं. ते काही फार वेळ टिकलं नाही.

"मनांग," तो म्हणाला. आमच्यात थोरल्या बहिणीला हाक मारतात तशी गोड हाक. "अकरा महिने? ग्रीन कार्ड इथे राहण्यासाठी असतं, अधूनमधून डोकावण्यासाठी नाही."

"बावीस वर्षं राहिलेय मी इथे. त्यातले अकरा महिने आईचं हगणं-मुतणं काढलं. तुमच्या घरी याला डोकावणं म्हणतात का?"

आगपालोने तिच्यापुढे एक कागद सरकवला. "इथे सही करा. आत्ता पाहुणी म्हणून आत सोडतो तुम्हाला. मुलगा नागरिक आहे ना? तो परत अर्ज करेल. सगळं सुरळीत होईल."

पुरिंगने चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. मी माझ्या मर्जीने इथला कायमचा रहिवास सोडत आहे, असं त्यात लिहिलं होतं.

तिला इलुमिनादा आठवली. गल्लीतली मैत्रीण. असाच कागद पुढे आला तेव्हा आत शिरायचीच सही आहे असं समजून तिने केली. आता नवरा स्टॉक्टनला आणि ती तिकडे इलोकोसमधल्या लाओआगला, भावजयीच्या घरात दिवस काढतेय.

"मर्जी कोणाची रे?" पुरिंगने विचारलं. "माझी तर नाही."

"नाही केलीत तर कोर्ट लागेल, मनांग. महिनोन्‌महिने खेटे घालाल. वर हरलात तर परत पाठवतील."

त्यांनी तिला मुलाला फोन करू दिला. बाहेर वाट बघून रोदेल आधीच हवालदिल झाला होता. "आई, कर ना सही! मी लगेच नवा अर्ज टाकतो. उगाच हट्ट नको."

"माझ्या घरात मी पाहुणी म्हणून यायचं? माझ्या चुलीपाशी तुझ्या बायकोला विचारून बसायचं?"

"तसं कोण म्हणतंय, आई!"

"हा कागद म्हणतोय," म्हणून तिने फोन ठेवला.

ती घाबरली नव्हती असं नाही. हात धुवायला म्हणून गेली आणि तोंडावर दोनदा पाणी मारलं. पण परत येऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "न्यायाधीशापुढे उभं करा मला. तो सांगेल ते ऐकेन. तुझं नाही ऐकणार."

आगपालोचा वरिष्ठ आला. त्याने आधी समजावलं, मग आवाज चढवला. पुरिंग पर्स मांडीवर घेऊन ढिम्म बसून राहिली. शेवटी त्यांनी कार्ड काढून घेतलं, कोर्टाची नोटीस दिली आणि पासपोर्टवर शिक्का मारला.

"हा कसला?"

"निकाल लागेपर्यंत तुम्ही रहिवासीच आहात, याचा," आगपालो खाली बघत म्हणाला.

"मग माझी बॅग दे."

पुढचे महिने वाईट गेले. रोदेल धड बोलत नव्हता. वृद्धाश्रमाने तिच्या जागी दुसरी बाई ठेवली होती, म्हणून तिला सकाळच्या न्याहारीचं अर्ध्या वेळेचं काम धरावं लागलं. चर्चमध्ये कुणीतरी कुजबुजलं, म्हातारपणी सरकारशी वैर कशाला?

मोफत कायदेमदत देणाऱ्या किबुयेन वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "किती दिवस बाहेर होतात, एवढ्यावर निकाल लागत नाही. परत यायच्या इराद्याने गेला होतात का, ते बघतात. आणि तुम्ही इथलं घर सोडलंत हे त्यांनी सिद्ध करायचंय."

"त्यांनी?"

"त्यांनी."

पुरिंग पहिल्यांदाच हसली. घराचे हप्ते चालू होते, कर इथली रहिवासी म्हणून भरला होता, रजेचं पत्र होतं, तीनदा बदललेलं तिकीट होतं.

कोर्टात सरकारी वकिलाने विचारलं, "परत यायचंच होतं, तर दीड महिन्याचे अकरा महिने कसे झाले?"

"आई जिवंत होती म्हणून," पुरिंग म्हणाली. "दर वेळी वाटायचं, आता जाईल. दर वेळी ती डोळे उघडून माझं नाव घ्यायची. तुम्ही निघाला असता का, साहेब?"

न्यायाधीशबाईंनी रोदेललाही विचारलं, आई परत येणार होती का. विमानतळावर सही कर म्हणणारा तो मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "आई महिन्यातून दोनदा फोन करून माझ्यावर ओरडायची, मालुंगायच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाला पाणी घाल, मी येतेय म्हणून."

निकाल पुरिंगच्या बाजूने लागला. कार्ड परत मिळालं. मात्र नागरिकत्वासाठी लागणारा सलग मुक्काम त्या अकरा महिन्यांनी तुटला, आता काही वर्षं थांबावं लागेल, असं वकीलबाईंनी सांगितलं.

"थांबेन," पुरिंग म्हणाली. "मला कुठे जायचंय?"

आईच्या वर्षश्राद्धाला मात्र ती गेलीच. या वेळी निघण्याआधी परत येण्याचा परवाना मागितला, बोटांचे ठसे दिले. ती बॅग भरत असताना रोदेल दारात उभा होता. "आई, पुन्हा त्या खोलीत बसवलं तर?"

"बसेन," ती म्हणाली, आणि येताना आणायच्या सुक्या मासळीसाठी बॅगेत जागा ठेवून तिने झाकण लावलं.