उरलेल्या चार केमो

दिगंबर आगाशे वादात हरलेत, असं कोथरूडमध्ये कुणी पाहिलेलं नाही. खडकीला कारखान्यात हिशेबनीस म्हणून उभा जन्म नोकरी केली, तीही साहेबांशी हुज्जत घालत. पुढे मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि आठ केमो झाल्यावर त्यांनी डॉक्टरांनाच पेचात धरलं. "स्कॅन स्वच्छ आहे ना? मग उरलेल्या चार कशाला? झाडलेलं घर पुन्हा झाडायला आम्ही रिकामे नाही." डॉक्टर हसले. त्यांच्या पत्नी हेमाताई हसल्या नाहीत.

खरी गोम वेगळीच होती. केमोनंतर गार काही लागलं की घशाला सुया टोचत, आणि कोमट पियूष प्यायची वेळ यावी हा दिगंबररावांना घोर अपमान वाटे.

हेमाताईंनी वाद घातला नाही. वरच्या मजल्यावरच्या स्पृहाला गाठलं. रुग्णांनी संशोधनाला दिलेल्या गाठींच्या तुकड्यांतून ती प्रयोगशाळेत पेशी वाढवते. दिगंबररावांनीही तशी सही केली होती.

"काका, बघायला येता?"

"येतो की. माझ्या मालाचं काय चाललंय ते कळू दे."

पण तिथे पेशींच्या काचेच्या बशांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक. कुणाचं काय ते स्पृहालाही ठाऊक नव्हतं. केमोचं औषध घातलेली एक बशी तिने दाखवली. दिगंबररावांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सगळा मेलेल्या पेशींचा कचरा.

"बघ, स्वच्छ!"

"कडेला बघा." तिथे चार-दोन पेशी तग धरून होत्या. तिने दुसरी बशी सरकवली. तीही तशीच, फक्त औषध थांबवून काही दिवस ठेवलेली. ती गच्च भरली होती.

"या पेशी मूळपेशींसारख्या वागतात, काका. वाढीचा हुकूम देणारं एक प्रथिन यांच्यात बंदच होत नाही. मग यांच्यापासून सगळी गाठ पुन्हा उभी राहते. ते प्रथिन बंद कसं करायचं, तेच आम्ही शोधतोय."

"सापडलं?"

"अजून नाही. तोवर हाताशी केमोच आहे. हमी तिचीही नाही, पण चार सोडल्या तर यांचं फावेल."

"या ज्याच्या पेशी, तो माणूस आहे अजून?"

"माहीत नाही, काका."

दिगंबरराव घाबरले. चांगलेच घाबरले.

घरी येऊन चपलाही न काढता त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला आणि सोमवारची वेळ घेतली. वळून बघतात तो हेमाताई पदराने डोळे पुसताहेत.

"अगं, रडतेस काय? केमो मला घ्यायच्यात."

"मला वाटलं, आता मी एकटी उरणार."

 दिगंबररावांनी चपला काढल्या आणि ते हेमाताईंच्या शेजारी जाऊन बसले.