चाकाचा सूर

भांडण झालं तेव्हा धारवाल्याची बायको आत भांडी घासत होती. तिने नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. नव्याने घरात आलेल्या बाईला सासरची माणसं ओळखायची असतील, तर भांडणाइतकं सोयीचं दुसरं काही नसतं.

बाहेरची खोली म्हणजेच दुकान. भिंतीवर धारेला आलेल्या कात्र्या टांगलेल्या, मध्ये मोटरवर फिरणारं दगडी चाक, आणि चाकाच्या दोन बाजूंना तिचा नवरा आणि धाकटा दीर.

"गाण्यानं कात्रीला धार येते का रे?" नवरा ओरडत होता. चाकाजवळचा माणूस ओरडूनच बोलतो, रागावलेला असो नसो. त्या दिवशी मात्र तो रागावलेला होता.

"नाही येत. पण तुझ्या चाकानं कान जातात, दादा. एक दिवस मी या दारातून हाक मारीन आणि तू मान वर करणार नाहीस."

"मारूच नकोस हाक. आणि तुझं ते गाणं या घरात मला पुन्हा ऐकायचं नाही."

"बरं," धाकटा म्हणाला. मग आत वळून, अगदी साध्या आवाजात, "वहिनी, माझं ताट वाढू नका."

तिने ताट वाढून झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते तिनेच खाल्लं. अन्न टाकवत नाही, आणि मुलखावेगळ्या दिराची वाट तरी किती बघायची.

तो आलाच नाही. लांबच्या शहरात मालाच्या गाड्या भरायचा. एकदा भरलेली गाडी उतारावर मागे सरकली आणि तो तिच्यामागे उभा होता. घरी निरोप पोचला तोवर सगळं उरकलेलं होतं. धारवाल्याने निरोप ऐकला, चाक सुरू केलं आणि अंधार पडेपर्यंत एकच सुरी घासत बसला. पात्याची काडी झाली. ती ज्याची होती, त्याला नवी आणून द्यावी लागली.

धाकटा गायचा ते ब्लूज, सातासमुद्रापलीकडच्या काळ्या मजुरांची दुःखाची गाणी. ते काय असतं, हे त्याने वहिनीला कणीक मळता मळता सांगितलं होतं. "एक ओळ म्हणायची, वहिनी. तीच परत म्हणायची, कारण पहिल्यांदा कुणी ऐकत नाही. मग तिसऱ्या ओळीत खरं काय ते सांगून टाकायचं."

"हे तर माझं रोजचंच की," ती म्हणाली होती, आणि दोघं पोट धरून हसले होते.

त्याचं स्वतःचं एक गाणं होतं:

सकाळी उठलो, तर जोडे दारात नव्हते.
सकाळी उठलो, तर जोडे दारात नव्हते.
मग कळलं, मीच कधीचा निघून गेलो होतो.

पुढे बरीच वर्षं गेली आणि धारवाल्याचे कान खरंच गेले. एकदम नाही. आधी दारावरची घंटा गेली, मग पाखरं, मग नातवाचं बोलणं. कात्रीची धार तो कानाशी धरून बघायचा. नीट लागलेली कात्री मिटताना एक बारीक, स्वच्छ आवाज करते. तो आवाज गेला, तेव्हा कुणाला न सांगता तो अंगठ्याच्या नखावर धार बघायला लागला. बायकोला ते त्याच दिवशी कळलं.

डॉक्टर म्हणाले, उरलंय तेही फार टिकणार नाही. धारवाला घरी आला. मग जोडे काढता काढता म्हणाला, "अगं, मला धाकट्याचं गाणं म्हणायचंय. तिथं. सलूनवाल्याकडं. स्वतःचं स्वतःला ऐकू येतंय तोवर."

सलून बंद असायचं त्या वारी दुपारी तिथे ब्लूजवाले जमत. ज्याच्या हाती जे वाद्य असेल ते घेऊन यायचं, आधी काही ठरवायचं नाही, एकाने गायचं आणि बाकीच्यांनी साथ धरायची. घर सोडेपर्यंतचं धाकट्याचं तारुण्य तिथल्या आरशांसमोर गेलं होतं. सलूनवाला त्याच्याच वयाचा, माउथ ऑर्गन वाजवायचा. निरोप मिळताच तो घरी आला.

"दादा, रीत तुम्हाला ठाऊक नसेल," तो कानाशी तोंड नेऊन म्हणाला. "आमच्यात ज्याचं गाणं त्याचं. माणूस गेला की त्याचं गाणं कुणी म्हणत नाही. घरच्यानं येऊन एकदा म्हटलं, की ते सगळ्यांना मोकळं होतं. तुमच्या धाकट्याचं अजून तसंच पडून आहे."

धारवाल्याने मान खाली घातली. "म्हणूनच येतोय रे."

"पण नव्या माणसानं तीन गाणी आणायची. पहिल्या दोन गाण्यांत आम्हाला तुमची चाल कळते, तिसरं मग रंगतं. आणि ती दोन कुणाची नसलेली हवीत."

मग गाणी निवडणं सुरू झालं. मुलीचं लग्न ठरवताना झाली नव्हती एवढी घासाघीस झाली.

"आगगाडीचं?" धारवाल्याने विचारलं.

"ते माझं."

"पुराचं?"

"ते पंक्चरवाल्याचं. गिटार वाजवतो तो. त्यात बायको पळून जाते ना, आणि त्याची खरंच गेली. तो नाही सोडायचा."

एक चांगलं होतं, पण उंच पट्टीतलं. वर गेलं की धारवाल्याला स्वतःचाच आवाज नाहीसा व्हायचा, आणि तो भांबावून थांबायचा. एक दुडक्या चालीचं होतं, त्यात दम पुरेना. शेवटी कोरड्या विहिरीचं एक धरलं. खालच्या सुरातलं, संथ.

"दुसरं उसन्या कोटाचं घ्या," बायको म्हणाली. "तुम्हाला आजवर एक कोट धड बसलेला नाही. ते तरी मनापासून येईल."

"काय म्हणालीस?"

"छान दिसाल म्हटलं!" ती ओरडली, आणि सलूनवाल्याने तोंड फिरवून हसू दाबलं.

चूक झाली ती पुढे. धारवाला सराव करायचा तो चाकाजवळ, चाक चालू ठेवून. चाकाच्या घुमण्याचा तेवढा एकच सूर त्याच्यापाशी शिल्लक होता, तोही कानात नव्हे, जबड्याच्या हाडात. चाकाच्या चौकटीवर हात ठेवून तो तिन्ही गाणी त्या सुराला बांधत गेला. बायको ऐकायची आणि मनात म्हणायची, किती नेमका लागतोय. लागत होताच. पण चाकाची मोटर म्हातारी, तिचा सूर कुठल्याच वाद्याच्या सुरावर बसत नव्हता. दोन पायऱ्यांच्या मध्ये पाय पडावा तसा. घरात वाद्य नव्हतं. कळणार कसं?

बैठकीच्या दुपारी धारवाला कोट घालून सलूनच्या खुर्चीवर बसला. विहिरीचं सुरू केलं आणि सलूनवाल्याने माउथ ऑर्गन ओठांना लावला. दोन ओळींत त्याने तो काढला. माउथ ऑर्गनचे सूर जागच्या जागी असतात, ते हलवता येत नाहीत. कोटाच्या गाण्यात पंक्चरवाला खुंट्या पिळत राहिला. जमल्यासारखं व्हायचं आणि पुन्हा विस्कटायचं. त्या खरखरीने धारवाल्याच्या कपाळावर आठी पडली. उरल्यासुरल्या कानांत कुठेतरी काहीतरी टोचत होतं.

मग जोड्यांचं गाणं आलं. पहिल्या ओळीला त्याचा सूर हलला. तो साथीकडे ओढला जायला लागला, आपला सूर सोडायला लागला. आता गाणं मोडणार, हे बायकोला भिंतीजवळच्या बाकावरून स्पष्ट दिसलं.

सलूनवाल्याने हळूच हात वर केला. सगळे थांबले.

म्हणजे आवाज थांबला. हात नाही. पंक्चरवाल्याची बोटं तारांच्या वर, तारांना न शिवता फिरत होती. ढोलकवाला कातड्यापासून वीतभर उंचीवर थापा मारत होता. सलूनवाल्याने माउथ ऑर्गन ओठांशी धरला, गाल फुगवले आणि श्वास कोंडून ठेवला. आणि त्या शांत खोलीत धारवाला एकटा, डोळे मिटून, आपल्या चाकाच्या सुरात, भावाचं गाणं शेवटच्या ओळीपर्यंत गायला. डोळे उघडले तेव्हा सगळे रंगात येऊन वाजवताना दिसले.

"काय साथ दिली गं पोरांनी!" रस्त्याने येताना तो म्हणाला. कोपरा वळला. मग म्हणाला, "असल्या माणसांतून मी त्याला ओढून चाकापाशी बसवत होतो."

बायकोने त्याचा हात धरला. रस्ता ओलांडायचा होता. "छानच दिली साथ," ती म्हणाली, आणि जन्मभर त्यापलीकडे काही म्हणाली नाही.

धाकट्याचं गाणं मोकळं झालं. पुढल्याच बैठकीला पंक्चरवाला ते गायला म्हणतात. धारवाल्याने ते ऐकलं नाही. थंडी उतरायच्या आत कानांबरोबर छातीही गेली, आणि तो गेला.

त्याच्या आदल्या आठवड्यात सलूनच्या कात्र्या पोचवायच्या होत्या. बायको म्हणाली, "मी देऊन येते." त्याला ऐकू आलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. त्याने कात्र्या फडक्यात गुंडाळल्या, टोकं आतल्या बाजूला, आणि निघाला. सलूनमध्ये गिऱ्हाईक होतं, म्हणून दाराशी थांबला. मग एकेक कात्री काढून टेबलावर मांडली. शेवटची सवयीने कानाशी नेली, उघडली, मिटली, आणि सलूनवाल्याकडे बघून मान डोलावली.

"लागलीय," तो म्हणाला. फडकं झटकलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि घरी आला.