समई आणायला नाशिकला

नव्या घरात पितळी समई हवी, आणि तीही जुनी, असा मी हट्टच धरला. माझी सख्खी लतामावशी नाशिकच्या भांडीबाजारात जुन्या भांड्यांचं दुकान एकटीने चालवते. मग काय, शनिवारी पहाटेच नवऱ्याला उठवून कल्याणहून गाडी काढली.

कसारा घाटात ट्रकांमागे रखडलो, तरी साडेनऊला नाशकात. आधी मिसळ. दोघांचे अडीचशे, तर्री मागाल तितकी. गाडी मात्र लांबच लावा हो; भांडीबाजाराच्या गल्लीत घातलीत तर उलटी काढताना नाकी नऊ येतात. आमच्या आले.

मावशीने माझ्यासाठी समई बाजूला काढली होती. कमरेएवढी, वर मोर. बघताक्षणी जीव जडला! चहा होतोय तोवर पुरातत्त्व खात्याचे साहेब तपासणीला आले. शंभर वर्षांहून जुनी वस्तू विकायला वेगळा परवाना लागतो, आणि मावशीकडे तो नाही. साहेबांनी एक घंगाळ उचललं. त्यावर लग्नात आहेर देणाऱ्याचं नाव कोरलेलं, पुढे अठराशेंतलं साल. हे जप्त होईल आणि दुकानावर केसही होईल, म्हणाले. मावशीचं सगळं आयुष्य त्या दुकानात गेलंय.

सालाआधीचा ‘शके’ आपणच भांडं चकचकीत करताना चिंचेने घासघासून घालवला, हे मावशीने कबूल केलं. मग कोरीव अक्षरांवर बोट ठेवलं.

"साहेब, आधी वैशाख शुद्ध पंचमी लिहिलंय. तिथीपुढे इंग्रजी साल कोण घालतं? हा शक आहे, इसवी सनासाठी अठ्ठ्याहत्तर मिळवा."

साहेबांनी मोबाइलवर बेरीज केली. घंगाळ स्वातंत्र्यानंतरचं निघालं. ते हसून वही मिटायला लागले, तेवढ्यात मावशीने माझी समई आडवी केली आणि बुडाचं साल वाचलं. घाईत तिने ते आधी पाहिलंच नव्हतं.

"थांबा. ही अठ्ठ्याहत्तर मिळवूनही शंभरीपार जाते. लिहून घ्या."

अगं बाई, गप्प बस ना, असं मी डोळ्यांनी विनवत होते. तिने सरळ माझ्याकडे पाहिलं.

"बेरीज मीच शिकवली ना त्यांना? मग ती मलाही लागू."

समई साहेबांच्या ताब्यात गेली. मी येताना सगळा घाट फुगून बसले होते, खोटं कशाला सांगू?

परवा मावशीचा फोन आला. दुसऱ्या एका दुकानात एका हंड्याच्या सालावरून वाद झाला, तर साहेबांनी त्या दुकानदाराला सांगितलं म्हणे, आधी लताबाईंना वाचायला बोलवा, त्या म्हणतील ते मी लिहितो.