सांगोल्याची कोण, जोगेश्वरीची कोण

घाटकोपरच्या एका वसाहतीत चंपाबाईंचं पाळणाघर वीस-बावीस वर्षं चालू आहे. आईबाप कामावर जाताना पोर त्यांच्या कडेवर देतात आणि निर्धास्त होतात. पोर हातात आलं की चंपाबाई आधी त्याच्या गळ्याचं बटण सैल करतात, मग नाव विचारतात. कोंडलेलं, गुदमरलेलं काहीही त्यांना बघवत नाही.

त्यांची मुलगी नीलम प्राणिशास्त्रात संशोधन करते. "सरड्यांचं कायतरी करते," असं चंपाबाई शेजारणींना सांगतात. सांगतात मात्र मान ताठ करून.

एका शनिवारी प्रयोगशाळा लवकर बंद झाली, म्हणून नीलमनं धरलेले सरडे घरी आणले. खिडकीजवळच्या खिळ्यांना लहान लहान कापडी पिशव्या टांगल्या. प्रत्येकीत एक मादी. काही जोगेश्वरीकडच्या टेकडीवरच्या, काही सांगोल्याच्या, म्हणजे चंपाबाईंच्या माहेरच्या माळावरच्या. पिशवीवर शाईनं गावाचं नाव. वजन-मापं सोमवारी घ्यायची आणि मग जिथून धरली तिथंच प्रत्येकीला सोडायचं, हा नीलमच्या कामाचा पहिला नियम.

रविवारी सकाळी ती बाजारात गेली, आणि चंपाबाईंना पिशव्या हलताना दिसल्या. त्यांचा जीव कळवळला. खेळण्यांचा मोठा टब रिकामा करून त्यांनी त्यात कढीपत्त्याची फांदी उभी केली, सगळ्या माद्या सोडल्या आणि वरून मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधला. पिशव्यांना वास येत होता. त्या साबणानं खसाखसा धुऊन लाळेऱ्यांच्या शेजारी दोरीवर वाळत घातल्या.

"आई, पिशव्या कुठायत?"

"धुतल्या गं. किती मळल्या होत्या!"

नीलमनं टबाकडे पाहिलं, मग दोरीकडे. नावांच्या जागी निळसर ओघळ राहिले होते. "वाट लागली," म्हणत ती जमिनीवरच बसली.

थोरला आकाश एसी दुरुस्तीची कामं करतो. तो चहाचा कप घेऊन टबात डोकावला. "एकेकीचं आधार कार्ड काढून ठेवायचं ना!"

"तू गप रे!" नीलम म्हणाली. "जोगेश्वरीची मादी त्या माळावर सोडली तर कशी जगेल ती? चुकून सोडून चालणार नाही मला."

चंपाबाई पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. लेकीच्या कामावर आपल्याच हातानं पाणी ओतलं गेलं होतं. "मग आता ओळखायच्या कशा?" त्यांनी हळूच विचारलं.

नीलमनं बसल्या जागेवरूनच टबातल्या माद्या नीट न्याहाळल्या. मग उठून स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन आली. "सांगोल्याला पावसाळा आखूड, किडे थोडेच दिवस मिळतात. तिकडच्या माद्या अंगानं भरायच्या आधीच वयात येतात आणि एकदम भरपूर अंडी धरतात. निदान मला दोन वर्षं तसं दिसलंय. जोगेश्वरीच्या झाडीत खायला पुष्कळ. तिथल्या आधी आरामात वाढतात, मग थोडी थोडी अंडी घालतात. सरडा एकच, पण आयुष्य वेगळं."

"म्हणजे अंग एवढंसं आणि पोट टम्म, ती आमच्याकडची!" चंपाबाईंचा चेहरा उजळला. "मी तशीच की गं. आकाश झाल्यावरही माझी उंची वाढत होती. वर्षात परकर आखूड पडला."

"झकास! म्हणजे मी सरडा," आकाश म्हणाला.

नीलमला हसू आवरेना. एकेक मादी उचलून ती लांबी बघे, पोट चाचपे, वजन करे. आकाशनं वाळलेल्या पिशव्यांवर पुन्हा नावं लिहिली, या खेपेला पक्क्या शाईच्या पेननं. "मापांवरूनच गाव ठरवलंय, म्हणून यांची मापं आता माझ्या मोजणीत धरता येणार नाहीत," नीलम म्हणाली, "पण घरी तरी पोचतील."

एक मादी मात्र राहिली. ना लहान, ना मोठी. पोट थोडंसंच वर आलेलं.

"टॉस उडव," आकाशनं सुचवलं.

"अजिबात नाही," चंपाबाई म्हणाल्या. "दोन वर्षांचं पोर बोलत नाही म्हणून मी कधी कुठल्या आईला घाबरवलंय? थांबायचं. तुझ्या सरांना फोन लाव."

देवव्रत सरांना त्यांनी स्वतःच सांगितलं, "पिशव्या मी धुतल्या. पोरीचा काही दोष नाही." सर मोठ्यानं हसले. ती मादी अंडी घालेपर्यंत प्रयोगशाळेतच ठेवायची, असं ठरलं.

बाकीच्या आपापल्या ठिकाणी गेल्या. चंपाबाई मात्र रोज संध्याकाळी विचारत, "झाली का मोकळी?" एक दिवस नीलम दारातूनच ओरडली, "झाली! अंडी मोजकीच, पण चांगली टपोरी. सांगोल्याची असती तर ढीगभर घातली असती, आई. जोगेश्वरीचीच!"

तिला सोडायला चंपाबाई हट्टानं बरोबर गेल्या. टेकडीवर नीलमनं तिला एका खोडावर ठेवलं. ती क्षणभर तिथंच चिकटून राहिली, मान खालीवर केली आणि सरसर वर चढली.

"जा बाई," चंपाबाई म्हणाल्या, "बाळंतपण झालंय. आता जरा पोटभर खा."